नावातील तफावत

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा सोडून पुढे निघाली की जिते येते, मग हमरापूर आणि मग पेण. जित्याला थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, उतरणारी माणसे त्याहून मोजकी. बाहेरगावच्या माणसाला गावाचे नाव सांगितले की तो हमखास ‘जित्याची खोड’ ही म्हण ऐकवतो आणि हा विनोद प्रथम आपल्यालाच सुचला अशा समाधानाने आमच्याकडे पाहतो. आम्हीही हसतो. गावाचे नाव सांगून एवढा आनंद फुकट देता येत असेल तर तो का देऊ नये?

गावाला खरी जाग असते ती रस्त्यामुळे. मुंबई–गोवा महामार्ग, पूर्वी 17 क्रमांकाचा आणि आता 66 क्रमांकाचा, येथून जातो. रोह्याजवळच्या धाटावहून आणि त्याहून दूरच्या महाडहून कारखान्यांचा माल घेऊन न्हावा शेवा बंदराकडे निघालेले कंटेनर रात्रभर या रस्त्याने जातात. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही इंजिनाच्या आवाजावरून गाडी भरलेली की रिकामी हे ओळखत असू. ही विद्या आमच्या वडिलांची. त्यांना आम्ही ‘भाऊ’ म्हणत असू. भाऊंनी आयुष्यभर दुसऱ्याच्या मालकीचा ट्रक चालवला. पेणच्या मिठागरांतले मीठ, विटा, पुढे गोव्याकडचा आणि कोल्हापूरकडचा किरकोळ माल, जे भाडे मिळेल ते.

भाऊंच्या सीटखाली एक पत्र्याची पेटी असे. तीत लायसन, गाडीचे कागद, मालाच्या बिल्ट्या आणि जकात नाक्यांवरच्या पावत्या असत. भाऊंना मराठी वाचता येई, इंग्रजी येत नसे. तरीही पेटीतला कोणताही कागद ते अंधारात काढून देत. कोणता गुलाबी, कोणता पिवळा, कोणत्याचा कोपरा फाटलेला, कोणत्यावर तेलाचा डाग, ही त्यांची वाचनाची रीत होती. पुढे मराठीत एम. ए. करताना ‘संहितेचे वाचन’ या विषयावर पुष्कळ ऐकले. त्या वेळी ही पेटी डोळ्यांपुढे येत असे.

एम. ए. झाल्यावर तासिका तत्त्वावर दोन वर्षे शिकवले. त्या मानधनात घर चालेना. तेव्हा एका मित्राच्या ओळखीने नवी मुंबईतील एका कंपनीत चाचणी विभागात लागलो. वर्ष 2015. कंपनीचे नाव येथे प्रस्तुत नाही. बांगलादेशाच्या सीमेवरील एका ठाण्यासाठी मालट्रकांची नोंद ठेवणारी एक आज्ञावली तेथे तयार होत होती. संगणकाचे आम्हाला फारसे ज्ञान नव्हते. ‘ज्याला एखादी गोष्ट पायरी-पायरीने आणि गोंधळ न करता लिहिता येते असा माणूस हवा,’ असे मुलाखतीत सांगितले गेले. साहित्याच्या पदवीची अशी गरज कुणाला भासू शकते, ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी प्रथमच कळली.

आज्ञावलीचे काम सांगायला सोपे होते. सीमेवरून जाणाऱ्या मालाची माहिती निर्यातदाराचा प्रतिनिधी आगाऊ संगणकावर भरणार: मालाचा प्रकार, वजन, किंमत, गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव. सीमाशुल्क खात्याकडून मालाला परवानगी मिळाली की ती खूण आमच्या पडद्यावर उमटणार. गाडी ठाण्यावर आली की वजनकाट्यावर जाणार, फाटकावर गाडीचे आणि चालकाचे कागद तपासले जाणार आणि सारे जुळले तर आडवा दांडा वर उचलला जाणार. पलीकडे माल उतरवून रिकामी गाडी परत येणार, तिचीही नोंद होणार. पूर्वी याच कामासाठी चार खिडक्या आणि सात नोंदवह्या होत्या. एका खिडकीवरून दुसरीकडे जाताना चालकाचा दिवस जाई आणि खिशातले पैसेही जात. म्हणून ही नवी प्रणाली वाईट होती असे वाचकांनी मुळीच समजू नये. चालकाच्या बाजूने पाहिले तरी ती हवीच होती.

आमचे काम होते चाचणीचे प्रसंग लिहिण्याचे. प्रत्येक प्रसंगाचा साचा ठरलेला. आरंभी परिस्थिती: अमुक चालक, अमुक गाडी, अमुक माल. मग कृती: तो फाटकावर आला, कागद दाखवले. मग ‘अपेक्षित निकाल’. शेवटी यंत्र चालवून पाहिल्यावर ‘प्रत्यक्ष निकाल’. दोन्ही निकाल सारखे आले की चाचणी उत्तीर्ण. हा एक लहानसा कथाप्रकारच होता. आम्ही शेकडो चालक निर्माण केले. कुणाच्या गाडीचे वजन कागदापेक्षा चाळीस किलो जास्त भरे, कुणाचा परवाना काल संपलेला असे, कुणी एकाच बिल्टीवर दोनदा पलीकडे जाऊ पाही. गावांची नावे सुचेनाशी झाली की आम्ही आमच्या परिसरातली घालत असू. जिते, जोहे, तांबडशेत, वडखळ अशा गावांचे काल्पनिक चालक त्या काल्पनिक सीमेवर रांगा लावून उभे राहत.

या कामात आम्हाला सर्वांत मोह पडला तो कंटेनरच्या क्रमांकाचा. कंटेनरवर चार अक्षरे आणि सात अंक असतात. त्यांतला शेवटचा अंक हा आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने काढलेला असतो. प्रत्येक चिन्हाला स्थानानुसार एक, दोन, चार, आठ असे दुप्पट होत जाणारे वजन द्यायचे, बेरीज करायची, अकराने भागायचे. उरते ती बाकी म्हणजे हा अंक. बाकी दहा उरली तर शून्य लिहायचे. लिहिताना एखादा अंक चुकला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली, तर बहुधा हा शेवटचा अंक ते लगेच उघडकीला आणतो. म्हणजे लोखंडी पेटीच्या नावातच तिचा साक्षीदार बसवलेला आहे. माणसाच्या नावात तशी काही सोय नाही.

हे लक्षात आले ते ‘ज्ञ’मुळे. प्रसंग क्रमांक 117 आम्ही लिहिला तेव्हा चालकाला नाव दिले ज्ञानेश्वर. हे नाव मुद्दाम निवडले होते. रोमन लिपीत ‘ज्ञ’ला घर नाही. मराठी माणूस तो उच्चाराप्रमाणे ‘डी-एन-वाय’ असा लिहितो, हिंदी भाषक ‘जी-वाय’ लिहितो, संस्कृतचा अभ्यासक ‘जे-एन’ लिहितो. एकाच अक्षराचे तीन प्रांत. लायसनवर एक रूप आणि प्रवेशपत्रावर दुसरे असेल तर यंत्र काय करील, हे आम्हाला पाहायचे होते. प्रसंग लिहून झाला आणि ‘अपेक्षित निकाल’ या रकान्याशी आम्ही थांबलो. नियमावलीत लिहिले होते की दोन्ही कागदांवरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे. आम्ही लिहिले: नकार. यंत्र चालवले. प्रत्यक्ष निकाल: नकार. चाचणी उत्तीर्ण. पुढच्या प्रसंगाकडे वळलो. त्या दिवशी आम्ही बावीस प्रसंग पूर्ण केले होते आणि त्याबद्दल आमचे कौतुकही झाले होते.

प्रणाली ठाण्यावर सुरू झाली 2016च्या अखेरीस. पुढच्या जानेवारीत एका सकाळी मदतकक्षाचा दूरध्वनी आमच्याकडे देण्यात आला, कारण पलीकडचा माणूस मराठी बोलत होता आणि कक्षात मराठी समजणारे आम्हीच होतो. नाशिक जिल्ह्यातून लाल कांदा घेऊन निघालेला तो चालक दोन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून सीमेवर पोचला होता आणि दोन रात्री फाटकाबाहेर उभा होता. पडद्यावर दिसत होते: नावात तफावत. त्याचे नाव ज्ञानेश्वर होते.

वाचकांना हा योगायोग लेखकाने जुळवलेला वाटेल. परंतु ज्या मुलखातून कांदा येतो तेथे हे नाव दुर्मीळ आहे काय? आम्ही ते नाव निवडले होते ते तसा माणूस केव्हा तरी येणार हे ठाऊक असल्यामुळेच. तो आला, इतकेच.

‘साहेब, लायसनवर बी मीच हाये, पासावर बी मीच हाये,’ तो म्हणाला. ‘फोटू दोन्हीवर माझाच. आता मी कोन हाये ते आनखी कसं सांगू?’

‘दादा, जरा धीर धरा, मी बघतो,’ आम्ही म्हणालो.

‘धीर मला हाये. मालाला न्हाई. खालच्या गोन्या गरम व्हायला लागल्यात.’

लाल कांदा टिकाऊ नसतो हे आम्हालाही ठाऊक होते. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने राहतो. खरिपाचा लाल कांदा लवकर विकावा लागतो. ताडपत्रीखाली कोंडलेल्या गोणीला दोन रात्री म्हणजे पुष्कळ झाल्या. आम्ही ठाण्यावरच्या कर्मचाऱ्याशी बोललो. तो सज्जन होता. हा माणूस तोच आहे हे त्याला पहिल्या दिवशीच पटले होते. पण दांडा उचलण्याचा अधिकार त्याच्या हातात उरला नव्हता; तो यंत्राकडे गेला होता आणि यंत्राला आम्ही शिकवले होते. नवे प्रवेशपत्र काढून आणायचे तर मधे रविवार आला होता. शेवटी सोमवारी दुपारी गाडी पलीकडे गेली. किती गोण्या फेकाव्या लागल्या हे आम्हाला कधी कळले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही, हेच अधिक खरे.

त्या रात्री आम्ही प्रसंग क्रमांक 117 पुन्हा उघडून पाहिला. त्यात एकही चूक नव्हती. नियमावलीप्रमाणे तो निर्दोष होता. यंत्रानेही कुठे हयगय केली नव्हती. मग चुकले कोण? चुकला होता तो एक शब्द, आणि तो आम्ही लिहिला होता. ‘अपेक्षित निकाल’ म्हणजे यंत्राकडून ज्याची अपेक्षा आहे तो निकाल, असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु अपेक्षा कुणाची? नियम लिहिणाऱ्याची, अधिकाऱ्याची, की रांगेत उभ्या असलेल्याची? चाचणीने सिद्ध होते ते एवढेच की आपण जे लिहिले तेच यंत्र करते. आपण लिहिले ते न्याय्य होते काय, या प्रश्नाला चाचणीत रकाना नाही.

मालाच्या बाबतीत मात्र असा रकाना असतो, ही गंमत पुढे ध्यानात आली. जगभरच्या वस्तूंचे जे वर्गीकरण सीमाशुल्कासाठी 1988 पासून वापरात आहे, त्यात सहा-सहा अंकांचे पाच हजारांहून अधिक गट आहेत. आमच्या भागातल्या गणेशमूर्ती परदेशी जातात, तेव्हा त्यांनाही यातल्या एखाद्या गटात बसावे लागते. प्लास्टरच्या वस्तूंना 68व्या प्रकरणात स्वतंत्र शीर्षक आहे. भाजलेल्या मातीच्या वस्तूंसाठी 69वे प्रकरण आहे. पण शाडूची मूर्ती भाजत नाहीत, नुसती वाळवतात. मग ती 69व्यात बसत नाही. अशा वेळी वर्गीकरण हात टेकत नाही. ‘इतरत्र न दर्शविलेल्या वस्तू’ अशी शीर्षके त्यात जागोजागी आहेत आणि कुठेच न बसणाऱ्या मालाची वाट तिकडे वळते. वर्गीकरण करणाऱ्यांना ठाऊक होते की जग आपल्या कोष्टकाहून मोठे आहे. मालाला ‘इतर’ असण्याची मुभा त्यांनी दिली. आम्ही चालकाला ती दिली नाही.

याच सुमारास आम्हाला शिवकालातील एका पत्राची आठवण झाली. 1671 साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला मिठावरील जकातीविषयी लिहिलेले ते पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडते, त्यामुळे आपल्याकडील संगमेश्वरच्या मिठाचे गिऱ्हाईक तुटेल, म्हणून तिकडच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय. व्यापारसंरक्षणाचे जुने उदाहरण म्हणून हे पत्र नेहमी सांगितले जाते. आम्हाला त्यात दुसरेच काही दिसले. हा हुकूम आहे, पण हुकुमाबरोबर कारण आहे. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कारण कळले म्हणजे, पत्रात नसलेला प्रसंग उद्भवला तरी काय करायचे हे तो ठरवू शकतो. आमच्या यंत्राने ‘नावात तफावत’ एवढेच म्हटले होते. नाव का जुळले पाहिजे, म्हणजे एकाच्या कागदावर दुसऱ्याने जाऊ नये यासाठी, हे कारण त्याला कुणी सांगितलेच नव्हते. कारण ठाऊक असते तर दोन्ही कागदांवरचे एकच छायाचित्र पुरले असते.

आम्ही एक टिपण लिहिले. नावाची रूपे थोडी भिन्न असतील आणि लायसनचा क्रमांक व छायाचित्र जुळत असेल, तर यंत्राने नकार देऊ नये, केवळ लक्ष वेधावे. ठाण्यावरील अधिकाऱ्याने स्वतः खात्री करून, कारण नोंदवून गाडी सोडावी. आणि ते कारण लिहिण्यासाठी एक मोकळा रकाना असावा. टिपणावर चर्चा झाली. एकाने आक्षेप घेतला की माणसाच्या हाती अधिकार गेला की चहापाणी पुन्हा सुरू होईल. आक्षेप पोकळ नव्हता. म्हणून ठरले की सोडणाऱ्याचे नाव आणि वेळ पुसता न येईल अशी नोंदली जावी. काही आठवड्यांनी बदल झाला. रकान्याला मराठीत ‘शेरा’ म्हणावे असे आम्ही सुचवले. प्रणाली मराठीत नव्हती, त्यामुळे ती सूचना हसण्यावारी गेली.

सुटीत घरी आल्यावर ही सगळी हकिकत भाऊंना सांगितली. ते थकले होते, गाडी सोडून बरीच वर्षे झाली होती. आम्हाला वाटले होते की ते जुन्या नाक्यांच्या माणुसकीची आठवण काढतील. त्यांनी तसे काही केले नाही.

‘नाक्यावरचा कारकून मला ओळखायचा,’ ते म्हणाले. ‘नावानं हाक मारायचा. आणि हाक मारून झाल्यावर पैसे मागायचा. तुझं यंत्र पैसे मागत नाही, हे बरंच आहे की.’

‘पण भाऊ, ते ओळखतही नाही.’

‘मग ओळखायला एक माणूस ठेवा, आणि त्याने पैसे मागू नयेत म्हणून यंत्र ठेवा. यात कठीण काय आहे?’

आमच्या टिपणाला जी चार पाने लागली होती, ती त्यांनी दोन वाक्यांत आटोपली. मग त्यांनी पेटी मागवली आणि स्वतःचे जुने लायसन काढून दाखवले. त्यावरचे त्यांचे नाव आणि गाडीच्या कागदांतील परवान्यावर चालक म्हणून लिहिलेले नाव, दोन्ही इंग्रजीत होते. दोहोंत एका अक्षराचा फरक होता. इतक्या वर्षांत तो कुणाच्या ध्यानात आला नव्हता, त्यांच्या स्वतःच्याही नाही. आमच्या प्रसंग क्रमांक 117प्रमाणे त्यांना आयुष्यात एकही सीमा ओलांडता आली नसती.

त्यानंतर जग वेगाने पुढे गेले. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली, नाके ओस पडले. त्याच वर्षी निर्यातदारांनी आपल्या कंटेनरला स्वतःच इलेक्ट्रॉनिक सील लावावे अशी पद्धत आली. आज जित्यावरून जाणाऱ्या कित्येक कंटेनरच्या कडीला असे सील असते आणि बंदराच्या फाटकावर यंत्र ते वाचते. त्याच वर्षी भारत ‘टीआयआर’ या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. निघताना एकदा तपासा, सील करा आणि वाटेतल्या प्रत्येक देशाने त्या सीलवर विश्वास ठेवावा, असे त्या कराराचे तत्त्व आहे. मार्च 2019 मध्ये अफगाणिस्तानातून इराणमार्गे या करारान्वये आलेला माल आमच्याच जिल्ह्यातल्या न्हावा शेवा बंदरात उतरला. वाटेतल्या देशांनी एका सीलवर इतका विश्वास ठेवावा ही मोठी गोष्ट आहे. ती वाचताना आनंद झाला, आणि ट्रक चालवणाऱ्याचे नाव कोणत्या लिपीतून कोणत्या लिपीत गेले असेल, हा विचारही मनात आल्यावाचून राहिला नाही. ही आमची जित्याची खोड.

2018 मध्ये आम्ही ती नोकरी सोडली आणि पुन्हा शिकवू लागलो. भाऊ आता नाहीत. पेटी आमच्याकडे आहे.

ही हकिकत येथे लिहिण्याचे निमित्त मात्र वेगळे आहे. गेल्या आठवड्यात परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. सोबत नेहमीप्रमाणे नमुना उत्तर दिलेले होते: अमुक मुद्दा असल्यास दोन गुण, तमुक असल्यास तीन. कवितेच्या आशयावरील प्रश्नाला एका विद्यार्थिनीने जे लिहिले होते त्यातला एकही मुद्दा नमुना उत्तरात नव्हता. शुद्धलेखन यथातथाच होते. परंतु तिने कविता वाचली होती, आणि तिला त्या कवितेत जे दिसले ते आम्हाला इतक्या वर्षांच्या शिकवण्यात दिसले नव्हते. लाल पेन हातात होते. नियमाप्रमाणे शून्य द्यायचे आणि पुढच्या उत्तरपत्रिकेकडे वळायचे, इतके ते सोपे होते. एका दिवसात चाळीस उत्तरपत्रिका संपल्या असत्या आणि कुणी आक्षेपही घेतला नसता.

नमुना उत्तर लिहिणारे आपणच असतो. कधी काळी घाईत लिहिलेला तो एक ‘अपेक्षित निकाल’ असतो, आणि पुढे किती जण त्याच्यापाशी दोन रात्री उभे राहिले हे आपल्याला कुणी कळवत नाही. आम्ही तिला गुण दिले आणि समासात शेरा लिहिला, गुण का दिले ते सांगणारा. फेरतपासणीत तो ग्राह्य धरला जाईल की नाही हे ठाऊक नाही.

बाहेर महामार्गावरून एक गाडी गेली. भरलेली होती.